क्रोएशियातील अक्रोड-पाव ‘ओरेह्न्याचा’ आणि त्याचे व्हीगन रूप : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : क्रोएशिया, ओरेह्न्याचा, पोवितित्सा, उपवास, व्हीगन आहार, खाद्यपरंपरा

१. प्रस्तावना

क्रोएशियाच्या उत्तर भागात नाताळच्या सुमारास घरोघरी अक्रोडाचे सारण भरून गुंडाळलेला गोड पाव भाजला जातो. त्यास ‘ओरेह्न्याचा’ असे म्हणतात. पाव कापला असता पातळ पीठ आणि गडद सारण यांची एकाआड एक वर्तुळे दिसतात. या वर्तुळांच्या दाटपणावरून करणाऱ्या स्त्रीच्या हाताची परीक्षा होत असे. मैदा, दूध, लोणी, अंडी, साखर, यीस्ट आणि अक्रोड हे त्याचे प्रचलित घटक होत.

गेल्या दोन दशकांत या पावाचे दूध, लोणी, अंडी व मध यांपैकी काहीही न वापरता केलेले रूप प्रचारात आले आहे. या रूपावर दोन परस्परविरोधी मते व्यक्त होतात. एका मतानुसार दूध-अंडी काढली की परंपराच संपते. दुसऱ्या मतानुसार चव साधली की घटक बदलल्याने काही बिघडत नाही. ही दोन्ही मते परंपरेला एक स्थिर पाककृती समजून चालतात. प्रत्यक्षात या पावाचे घटक शतकानुशतके बदलत आले आहेत आणि दूध-अंडी वर्ज्य करण्याची रीतही या प्रदेशाला अपरिचित नाही. ही रीत कोणाची होती, ती कशासाठी पाळली जाई आणि तिचे पुढे काय झाले, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) ओरेह्न्याचाचे नाव, रूप आणि घटक यांच्या ऐतिहासिक वाटचालीचा आढावा घेणे.
२) ख्रिस्ती उपवासपद्धती आणि या पावाचे घटक यांतील संबंध तपासणे.
३) व्हीगन रूपात काय टिकते आणि काय बदलते, याचे विश्लेषण करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून पाकप्रक्रियेचा विचार तिच्यामागील कारणांसह केला आहे.

३. नाव आणि रूप

‘ओराह’ म्हणजे अक्रोड. उत्तर क्रोएशियातील कायकावियन बोलीत त्याचे रूप ‘ओरेह’ असे होते. त्यावरून ‘ओरेह्न्याचा’ हे नाव आले. खसखशीचे सारण असलेल्या पावास ‘माकोव्न्याचा’ म्हणतात. याच वर्गातील पावाचे दुसरे नाव ‘पोवितित्सा’ असून ते ‘गुंडाळणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनले आहे. पहिले नाव सारणावरून पडले, तर दुसरे कृतीवरून. दूध, लोणी वा अंडे यांचा उल्लेख दोन्ही नावांत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

शेजारच्या स्लोव्हेनियात याच शब्दाचे ‘पोतित्सा’ हे रूप रूढ झाले. यानेझ वाय्कार्ड वाल्वासोर यांनी १६८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रान्स्का प्रांताच्या बृहद्ग्रंथात अक्रोड व मध यांचे सारण भरलेल्या अशा गुंडाळीचे वर्णन आढळते. हंगेरीत ‘बैग्ली’, तर इटलीच्या ईशान्य सीमेवर ‘पुतित्सा’ या नावांनी याच कुळातील पदार्थ ओळखले जातात. १५२७ मध्ये क्रोएशियाच्या सरदारसभेने हॅब्सबर्ग घराण्यातील फर्डिनांड यास राजा म्हणून निवडले. तेव्हापासून १९१८ पर्यंत हा प्रदेश ज्या बहुभाषिक साम्राज्याचा भाग होता, त्याच्या स्वयंपाकघरांतून हा पाव फिरत राहिला. त्यावर कोणत्याही एका राष्ट्राचा मालकी हक्क सांगता येणे म्हणूनच कठीण आहे.

४. घटकांचे स्थित्यंतर

अक्रोडाचे झाड बाल्कन प्रदेशापासून हिमालयापर्यंतच्या पट्ट्यात वाढते. काश्मीरमधून महाराष्ट्राच्या बाजारपेठेत येणारा अक्रोड आणि क्रोएशियातील झागोर्ये परगण्यात अंगणातल्या झाडावरून उतरवला जाणारा अक्रोड हे एकाच जातीचे फळ आहे. शरद ऋतूत उतरवलेले अक्रोड वाळवून ठेवले की नाताळपर्यंत पुरत. हा पाव हिवाळ्यातील सणांशी जोडला गेला, त्यामागे धर्माइतकेच ऋतुचक्रही आहे.

गोडव्याच्या बाबतीत मोठे स्थित्यंतर घडले. वाल्वासोर यांच्या काळी सारणात मध होता. १७५० मध्ये हॅब्सबर्ग सत्तेच्या आश्रयाने रिएका बंदरात साखर शुद्ध करण्याचा कारखाना स्थापन झाला आणि समुद्रमार्गे येणाऱ्या कच्च्या ऊस-साखरेवर तेथे प्रक्रिया होऊ लागली. या कारखान्याच्या प्रासादात २०२० पासून रिएका शहराचे संग्रहालय आहे. पुढे बीटपासून साखर काढण्याचे तंत्र विकसित झाले. मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये बीटमधील साखर ओळखली होती आणि १९ व्या शतकात मध्य युरोपात तिचे कारखाने उभे राहिले. श्रीमंतांच्या घरची साखर अशा रीतीने सामान्य घरात आली आणि मधाची जागा तिने घेतली.

यीस्टची कथाही अशीच आहे. १९ व्या शतकाच्या मध्यास व्हिएन्नामध्ये दाबून घट्ट केलेले यीस्ट तयार होऊ लागले. त्यापूर्वी आंबवलेल्या पिठाचा गोळा किंवा बिअरवरील फेस यांवर काम भागवावे लागे. नव्या यीस्टमुळे लोणी-साखरेने जड झालेले पीठही खात्रीने फुगू लागले. आज ‘आजीची पाककृती’ म्हणून जे जपले जाते, त्यातील साखर आणि यीस्ट हे दोन्ही घटक औद्योगिक युगाची देणगी होत. मध गेला, साखर आली. खमीर गेले, यीस्ट आले. तेव्हा कोणी परंपरा बुडाल्याचे म्हटले नाही. व्हीगन रूपात मध वर्ज्य असतो, पण ओरेह्न्याचातून तो व्हीगन विचार जन्मास येण्यापूर्वीच बहुतांशी हद्दपार झाला होता.

५. उपवास आणि मेजवानी

दूध-अंड्यांचा प्रश्न मात्र केवळ घटकांचा नाही, तो धर्माचाही आहे. महाराष्ट्रात एकादशीच्या उपवासाला धान्य वर्ज्य मानले जाते आणि दूध चालते. जुन्या ख्रिस्ती उपवासात नेमके याच्या उलट होते. तेथे धान्य चालत असे, पण मांसाबरोबर दूध, लोणी, चीज आणि अंडी हीही वर्ज्य होती. मध्ययुगीन युरोपातील सधन घरांत या काळात बदाम वाटून काढलेले दूध वापरले जाई. वनस्पतिजन्य दूध ही आधुनिक कल्पना आहे, असा समज त्यामुळे टिकत नाही.

ही बंधने पश्चिम युरोपात सवलतींच्या मार्गाने सैल होत गेली. १४९१ मध्ये पोप आठवा इनोसंट यांनी सॅक्सनीतील राज्यकर्त्यांना उपवासकाळात लोणी वापरण्याची मुभा दिली. ड्रेस्डेन येथील नाताळच्या ‘श्टोलन’ या पावाचा इतिहास या पत्राशी जोडला जातो, कारण त्यापूर्वी तो तेलात करावा लागे. पुढे १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेने वर्ज्य पदार्थांतून अंडी व दुग्धजन्य पदार्थ सार्वत्रिकरीत्या वगळले आणि बंधन प्रामुख्याने मांसापुरते उरले.

क्रोएशियातील बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत. नाताळचा आदला दिवस, म्हणजे ‘बाद्न्याक’, त्यांच्याकडे आजही मांसवर्ज्य पाळला जातो आणि किनारपट्टीवर त्या दिवशी वाळवलेल्या कॉड माशाचे जेवण असते. गोड पाव मात्र याच दिवशी भाजून तयार ठेवायचा असतो. घर अक्रोड आणि लिंबाच्या सालीच्या वासाने भरून जाते, परंतु खरी मेजवानी मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते. ओरेह्न्याचा हा अशा प्रकारे उपवासाच्या दिवशी केला जाणारा, पण उपवास सुटल्याची खूण असणारा पदार्थ आहे. दक्षिण स्लाव्ह भाषांत अन्नाचे ‘म्र्स्नो’ आणि ‘पोस्नो’ असे दोन वर्ग मानले जातात. पहिल्यात प्राणिजन्य, स्निग्ध अन्न येते, दुसऱ्यात उपवासाचे. लोणी आणि अंडी घातलेला पाव पहिल्या वर्गातला. त्यातील समृद्धी जिभेला सुखावते, तशीच संयमाचा काळ संपल्याचेही जाहीर करते. व्हीगन रूपासमोरचा खरा प्रश्न येथे आहे. अंड्याला पर्याय सापडतो. पण अंडे ज्या गोष्टीची खूण होते, तिला पर्याय कोणता?

६. शेजाऱ्यांचे ‘पोस्नो’ ज्ञान

कॅथलिक घरांत दूध-अंड्यांचे बंधन सैल झाले, तरी त्याच भूमीवरील ऑर्थोडॉक्स सर्ब समाजात ते टिकून राहिले. हा समाज लीका, बानिया, स्लावोनिया या भागांत शतकानुशतके वास्तव्य करून होता. त्यातील अनेक कुटुंबे ऑटोमन सत्तेविरुद्ध उभारलेल्या लष्करी सीमाप्रांतात वसलेली होती. जुन्या पंचांगानुसार ७ जानेवारीस येणाऱ्या नाताळपूर्वी ४० दिवसांचा उपवास पाळला जातो. या काळात मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात आणि कडक पाळणुकीच्या दिवशी तेलही चालत नाही.

चाळीस दिवसांच्या अशा नियमातून पाककौशल्याची एक स्वतंत्र शाखाच तयार झाली. ‘पोस्नी’ गोड पदार्थांत अक्रोडाला मोठे स्थान आहे. दूध नाही, लोणी नाही, तेव्हा स्निग्धता द्यायची कोणी? वजनाच्या सुमारे ६५ टक्के तेल असलेल्या अक्रोडाने. पिठात सूर्यफुलाचे तेल, ओलाव्यासाठी पाणी किंवा फळांचा रस, बांधणीसाठी मुरंबा असे पर्याय या गृहिणींच्या हाताखालचे होते. ‘पोस्नो’ आणि ‘व्हीगन’ या संज्ञा मात्र समानार्थी नाहीत. उपवासात अनेक दिवशी मासे चालतात, मधही चालतो आणि काळ संपला की दूध-अंडी परत येतात. व्हीगन विचारात परतीचा दिवस नसतो.

या ज्ञानाच्या वाटचालीला अलीकडच्या इतिहासाची दुखरी किनार आहे. १९९१ ते १९९५ या काळात क्रोएशियात युद्ध झाले. ऑगस्ट १९९५ मधील लष्करी कारवाईच्या वेळी सुमारे दीड ते दोन लाख सर्ब देश सोडून गेले. १९९१ च्या जनगणनेत सर्बांचे प्रमाण १२.२ टक्के होते; २०२१ मध्ये ते ३.२ टक्के उरले. गावे ओस पडली, तेव्हा त्यांतील चुलीही थंडावल्या. जे ज्ञान कुंपणापलीकडच्या घरात होते, ते अनेक ठिकाणी कुंपणासह नाहीसे झाले. आज झाग्रेबमधील एखादी तरुणी दूध-अंड्यांशिवाय ओरेह्न्याचा करू पाहते, तेव्हा ते तिला परदेशातून आलेले नवे तंत्र वाटण्याची शक्यता असते. त्यातील पुष्कळसा भाग तिच्याच देशातील एका अल्पसंख्य समाजाच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालेला होता, हे विसरता कामा नये.

७. व्हीगन विचाराचा उदय

‘व्हीगन’ ही संज्ञा १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. दूध व अंड्यांच्या उत्पादनातही प्राण्यांचे शोषण होते, ही त्यामागील भूमिका. क्रोएशियात २००१ मध्ये झाग्रेब येथे ‘प्रियातेल्यी झिवोतिन्या’, म्हणजे ‘प्राणिमित्र’, ही संघटना स्थापन झाली आणि या विचाराला संघटित स्वरूप मिळाले. येथे वर्ज्यतेचा आधार बदलतो. पूर्वी ती ईश्वरासाठी आणि ठराविक दिवसांपुरती होती. आता ती प्राण्यांसाठी आणि कायमची आहे.

या पावाच्या इतिहासात याच्याशी विसंगत वाटणारी एक कडीही आहे. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून अनेक क्रोएशियन कुटुंबे अमेरिकेत गेली. कॅन्सस सिटी येथे त्यांतील पुष्कळांना मांस-प्रक्रिया कारखान्यांत काम मिळाले. १९०३ च्या महापुरात नदीकाठची वस्ती उद्ध्वस्त झाली आणि अनेक कुटुंबे ‘स्ट्रॉबेरी हिल’ या टेकडीवर स्थिरावली. या वस्तीत ‘पोवितित्सा’ हेच नाव टिकले आणि हा पाव तेथील क्रोएशियन ओळखीचे चिन्ह बनला. दिवसभर कत्तलखान्यात राबणाऱ्यांच्या घरी सणाला जो पाव होई, त्यातूनच आज कोणी प्राणिजन्य घटक काढून टाकतो. पदार्थाचे नाव आणि गुंडाळी तीच राहते. तो कोणत्या नीतीशी जोडायचा, हे प्रत्येक पिढी आपल्या परिस्थितीनुसार ठरवते.

८. दूध-अंड्यांशिवाय पाकप्रक्रिया

व्हीगन रूपाची चिकित्सा करताना प्रत्येक घटकाचे कार्य लक्षात घेणे आवश्यक आहे. एका मोठ्या पावासाठी साधारणतः ५०० ग्रॅम मैदा, २५० मिलिलिटर कोमट सोयादूध, ८० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम तेल किंवा वनस्पतिजन्य मार्गारिन, ७ ग्रॅम सुके यीस्ट आणि चिमूटभर मीठ हे प्रमाण पुरते. सारणासाठी ३५० ते ४०० ग्रॅम दळलेला अक्रोड, १२० ग्रॅम साखर, सुमारे १५० मिलिलिटर उकळते सोयादूध, लिंबाची किसलेली साल, दालचिनी आणि थोडी रम लागते.

अंड्यातील बलक पिठात दोन कामे करतो. तो रंग देतो आणि त्यातील लेसिथिन पाणी व स्निग्धांश एकत्र धरून ठेवते. लेसिथिन सोयाबीनमध्येही असते, त्यामुळे इतर वनस्पतिजन्य दुधांपेक्षा सोयादूध येथे अधिक उपयुक्त ठरते. त्यातील प्रथिने आणि साखर यांमुळे पावाला तपकिरी रंगही बऱ्यापैकी येतो. ओटच्या दुधात प्रथिने कमी असल्याने पाव फिकट राहतो. रंगासाठी थोडी हळद घालण्याची युक्ती आहे, परंतु चिमटीपेक्षा अधिक हळद अक्रोडाच्या चवीवर मात करते.

पीठ चांगले तिंबून, फुगू देऊन, मग पीठ भुरभुरलेल्या स्वच्छ कापडावर लाटावे लागते. अंडी नसलेले तेलाचे पीठ ताणायला अधिक सोपे जाते, कारण तेलामुळे ते लवचीक राहते. श्ट्रूडलचे पीठ अनेकदा अंड्याशिवाय, तेल आणि पाण्यातच केले जाते. त्यामुळे व्हीगन पीठ श्ट्रूडलच्या जवळ जाते. कापडाची नक्षी दिसू लागेल इतके ते पातळ झाले की सारण कडेपर्यंत पसरायचे आणि कापडाचे टोक उचलून गुंडाळी पुढे ढकलायची. हाताने गुंडाळल्यास पातळ पीठ फाटते. कापड ते सर्वत्र सारखे पेलते.

खरी अडचण सारणात येते. प्रचलित पद्धतीत फेटलेला अंड्याचा पांढरा भाग अक्रोडात मिसळतात. भाजताना तो घट्ट होतो आणि सारणाला पिठाशी बांधून ठेवतो. तो काढला की सारण कोरडे पडते, वाफ साठते आणि थरांमध्ये पोकळी राहते. त्यावर तीन उपाय आहेत. अक्रोडावर उकळते सोयादूध ओतून ते झाकून मुरू द्यावे, म्हणजे सारण पसरण्याजोगे मऊ होते. मूठभर पावाचा चुरा घातल्यास जादा ओलावा शोषला जातो. भट्टीत घालण्यापूर्वी लांब सळईने जागोजागी टोचावे, म्हणजे वाफ निघून जाते. छोले शिजवलेल्या पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा फेस होतो, हे २०१४ मध्ये फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी दाखवून दिले. तो फेसही सारणात मिसळता येतो, परंतु अंड्याइतका तो भट्टीत घट्ट होत नाही.

१८० अंश सेल्सिअस तापमानात ४५ ते ५० मिनिटे भाजल्यावर पाव साच्यातच काही काळ निवू द्यावा लागतो. गरम पाव कापल्यास थर चुरगळतात. दुसऱ्या दिवशी त्याची चव अधिक खुलते, कारण अक्रोडाचे तेल पिठात मुरते. अक्रोड मात्र ताजा हवा. त्यातील तेल लवकर खवट होते आणि लोण्याचा सुगंध नसलेल्या पावात तो खवटपणा लपत नाही. व्हीगन रूपात अक्रोडावरचा भार असा वाढतो आणि ज्या घटकावरून पावाला नाव मिळाले, तोच अधिक ठळक होतो.

९. नाव आणि कायदा

अलीकडच्या काळात परंपरेचा निर्णय स्वयंपाकघराबाहेरही होऊ लागला आहे. २०२१ मध्ये युरोपीय संघाने ‘स्लोव्हेन्स्का पोतित्सा’ या नावास हमीप्राप्त पारंपरिक वैशिष्ट्य म्हणून नोंदणी दिली. या नोंदणीने घटक व पद्धती निश्चित झाल्या आणि लोणी व अंडी हे त्या व्याख्येचे भाग बनले. त्याआधी २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने, काही अपवाद वगळता, वनस्पतिजन्य उत्पादनांची ‘दूध’, ‘लोणी’, ‘चीज’ या नावांनी विक्री करता येणार नाही, असा निर्णय दिला. व्हीगन पाव करणाऱ्या व्यावसायिकाला आवरणावर सोयादूध असे न लिहिता सोयापेय असे लिहावे लागते. नोंदणीमुळे भेसळीस आळा बसतो, हा तिचा लाभ होय. परंतु नोंदणी एका काळातील रूप पकडून ठेवते. वाल्वासोर यांच्या काळातील मधाची गुंडाळी आणि लोणी-साखरेचा आजचा पाव यांपैकी अस्सल कोणता, या प्रश्नाचे उत्तर ती केवळ तारीख ठरवून देते.

१०. निष्कर्ष

१) ओरेह्न्याचाची ओळख त्याच्या नावाप्रमाणेच अक्रोड, पातळ लाटलेले पीठ आणि गुंडाळी यांत आहे. मध, साखर, खमीर, यीस्ट यांची अदलाबदल होऊनही ती टिकली.

२) दूध-अंड्यांशिवाय गोड पदार्थ करण्याचे ज्ञान क्रोएशियात बाहेरून आलेले नाही. ते उपवासाच्या परंपरेत, विशेषतः ऑर्थोडॉक्स सर्ब घरांत, सिद्ध झाले होते. व्हीगन रूपाचे श्रेय सांगताना हा वारसा वगळल्यास युद्धाने केलेली हानी विस्मृतीने पूर्ण होते.

३) साहित्याच्या दृष्टीने व्हीगन पाव परंपरेत बसतो, अर्थाच्या दृष्टीने तो नवा आहे. जुन्या पावातील लोणी-अंडी उपवास संपल्याची खूण होती. व्हीगन घरात ती खूण उरत नाही आणि तेथे सणाची समृद्धी अक्रोडाच्या भरघोस सारणातून व करणाऱ्याच्या कष्टांतून व्यक्त करावी लागते.

४) म्हणून ‘हा खरा ओरेह्न्याचा आहे काय?’ या प्रश्नापेक्षा ‘या पावाने कोणता संयम आणि कोणता आनंद व्यक्त होतो?’ हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक उपयोगाचा आहे. एकाच टेबलावर लोण्याचा आणि तेलाचा असे दोन पाव शेजारी ठेवले जाणे त्या भूमीला नवे नाही. म्र्स्नो आणि पोस्नो घरे तेथे कधीकाळी एकाच गल्लीत नांदत होती.